दावा लहान, पुरावा मोठा: संमोहनोपचाराच्या संशोधनाचा मागोवा

मँचेस्टर येथील पोटविकारतज्ज्ञ पीटर व्हॉरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा केवळ ३० रुग्णांवर आधारलेला एक छोटा निबंध १९८४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, त्याला आता चाळीस वर्षे उलटून गेली आहेत. संमोहनाकडे रंगमंचावरील करमणूक किंवा मांत्रिकाची विद्या म्हणून पाहणाऱ्या वैद्यकविश्वाला या निबंधाने एक मोजता येण्याजोगा प्रश्न विचारायला लावले, आणि त्यानंतरच्या दोन दशकांत त्या प्रश्नाची बरीचशी उत्तरे मिळालीही. असे असताना आज महाराष्ट्रातील कोणत्याही मोठ्या शहरात संमोहनाचे नाव काढले की समोर येतात त्या शनिवार-रविवारच्या कार्यशाळांच्या, पूर्वजन्म दाखवण्याच्या आणि वजन, व्यसन, भीती, परीक्षा व विवाह या सर्वांवर एकच उपाय सांगणाऱ्या जाहिराती. रुग्णालयात कसून तपासलेले उपचार मात्र सामान्य रुग्णाच्या कानावरही पडत नाहीत. या विषयाच्या इतिहासातील खेदाची बाब हीच आहे, आणि तिची कारणे शोधायची तर थोडे मागे जावे लागते.

संमोहन म्हणजे झोप नव्हे आणि इच्छाशक्तीचा लोपही नव्हे. लक्ष एका ठिकाणी एकवटलेले, भोवतालचे भान कमी झालेले आणि सूचनांना प्रतिसाद देण्याची क्षमता वाढलेली अशी ती एक जाणिवेची अवस्था असते, आणि या अवस्थेत विशिष्ट आजाराला धरून सूचना देणे याला संमोहनोपचार म्हणतात. या विषयाच्या आरंभीच्या दीडशे वर्षांवर फार रेंगाळण्याचे कारण नाही. मेस्मर या वैद्याच्या, संमोहनाचे पूर्वरूप ठरलेल्या ‘प्राणिज चुंबकत्वा’ची तपासणी १७८४ साली पॅरिसमध्ये बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए यांचा समावेश असलेल्या आयोगाने केली आणि असे कोणतेही चुंबकत्व अस्तित्वात नाही, जो परिणाम दिसतो तो कल्पनाशक्तीचा आहे, असा निर्वाळा दिला, पुढे मँचेस्टरमध्येच जेम्स ब्रेड यांनी १८४३ साली या अवस्थेला आजचे ‘हिप्नॉटिझम’ हे नाव रूढ केले. भारताचा या इतिहासाशी आलेला संबंध अधिक लक्षणीय आहे, कारण बंगालमधील हुगळी येथे १८४५ पासून जेम्स एस्डेल या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने भूल नसलेल्या त्या काळात मोठमोठ्या गाठी काढण्याच्या शस्त्रक्रिया मेस्मरच्या पद्धतीने केल्या आणि त्यासाठी तासन्‌तास रुग्णाच्या अंगावरून हात फिरवण्याचे काम त्याच्या एतद्देशीय सहायकांनी केले. तथापि त्या शस्त्रक्रियांना तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि १८४६ मध्ये ईथर व १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म आल्यावर तो विषय तेथेच मागे पडला. विसाव्या शतकात ब्रिटिश वैद्यक संघटनेने १९५५ मध्ये आणि अमेरिकन वैद्यक संघटनेने १९५८ मध्ये संमोहनाला उपचाराचे साधन म्हणून मान्यता दिली, पण ती तत्त्वतःच राहिली. त्यापेक्षा महत्त्वाचे काम झाले ते स्टॅनफर्डमध्ये, जेथे वाइटझेनहॉफर आणि हिलगार्ड यांनी १९५९ साली संमोहनक्षमता, म्हणजे सूचनांना प्रतिसाद देण्याची व्यक्तिगणिक वेगळी असणारी क्षमता, मोजण्याची श्रेणी तयार केली.

व्हॉरवेल यांनी निवडलेला आजार बहुतेक घरांत कोणाला ना कोणाला असतो: पोटात कळा येतात, पोट फुगते, कधी दिवसातून अनेकदा शौचास जावे लागते तर कधी पोट साफच होत नाही, आणि सगळ्या तपासण्या करूनही आतड्यात दोष आढळत नाही. वैद्यकात याला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम किंवा आयबीएस म्हणतात. इतर कोणत्याही उपचाराला दाद न दिलेल्या ३० रुग्णांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या यदृच्छेने दोन गट केले. एका गटाला संमोहनोपचार दिले, तर दुसऱ्याला मानसोपचार आणि प्लासिबो, म्हणजे औषधी द्रव्य नसलेली गोळी, दिली. संमोहनाच्या गटातील सुधारणा ठळक होती. मँचेस्टरमध्ये पुढे विकसित झालेल्या या पद्धतीत गूढ असे काहीच नाही: रुग्ण स्वतःचा तळहात पोटावर ठेवतो, तेथे ऊब पसरत असल्याची सूचना ग्रहण करतो, आणि आतड्याची हालचाल म्हणजे वाहती नदी आहे असे चित्र मनात आणतो, जुलाबाचा त्रास असणाऱ्याच्या मनातील नदी संथ होत जाते, बद्धकोष्ठ असणाऱ्याची वेग घेते. रुग्ण हे शिकतो आणि घरी रोज करतो.

हे काम पुढे जाण्याआधी संमोहनाची अब्रू गेली, आणि ती घालवणारे त्याचे समर्थकच होते. संमोहनाने दडपलेल्या स्मृती बाहेर काढता येतात अशा समजुतीने १९८० च्या दशकात आणि १९९० च्या पूर्वार्धात अमेरिकेत अनेक उपचारकांनी रुग्णांकडून बालपणीच्या अत्याचारांच्या कहाण्या वदवून घेतल्या, कुटुंबे दुभंगली आणि खटले उभे राहिले. संमोहनात सांगितलेल्या आठवणी अधिक खऱ्या नसतात, त्यात कल्पितही मिसळते आणि सांगणाऱ्याचा त्यांवरील विश्वास मात्र वाढतो, असा इशारा अमेरिकन वैद्यक संघटनेच्या समितीने १९८५ मध्येच दिला होता. तो ऐकला गेला नाही. वजन घटवण्याच्या बाबतीतही असेच घडले. संमोहनाची जोड दिल्यास वर्तनोपचाराचा परिणाम फार मोठ्या प्रमाणात वाढतो असे १९९५ च्या एका एकत्रित विश्लेषणाने सुचवले होते, परंतु पुढच्याच वर्षी त्यातील आकडे पुन्हा तपासले गेले तेव्हा स्थूलतेवरील परिणाम खूपच लहान निघाला. जाहिराती मात्र आजही पहिल्याच निष्कर्षाच्या आधाराने चालतात.

या पार्श्वभूमीवर १९९७ ते २००७ हे दशक उठून दिसते, आणि त्याच्याविषयी बोलताना आदर लपवण्याचे कारण नाही. मॉन्ट्रियलमध्ये पिअर रेनव्हिल आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी व्यक्तींनी ४७ अंश सेल्सिअस तापमानाच्या, म्हणजे चटका बसेल पण इजा होणार नाही अशा, पाण्यात हात बुडवला आणि त्याच वेळी मेंदूचे पेट स्कॅन काढले गेले. त्यांना दिलेल्या सूचना वेदनेच्या तीव्रतेविषयी नव्हत्या, तर ती किती नकोशी वाटते याविषयी होत्या. परिणामी मेंदूच्या ज्या भागाचा संबंध वेदनेच्या क्लेशकारकतेशी आहे त्या अग्र सिंग्युलेट भागातील क्रियाशीलता बदलली, आणि स्पर्शसंवेदना ग्रहण करणाऱ्या भागातील मात्र तशीच राहिली. रुग्ण केवळ संशोधकाला बरे वाटावे म्हणून ‘दुखत नाही’ असे म्हणतो, या जुन्या आक्षेपाला मिळालेले हे सर्वांत गंभीर उत्तर होते.

दुसरे उत्तर शस्त्रक्रियेच्या टेबलावरून आले. बॉस्टनमधील रेडिओलॉजिस्ट एल्विरा लँग यांच्या चमूने २००० साली ‘द लॅन्सेट’मध्ये २४१ रुग्णांची यादृच्छिक चाचणी मांडली, हे रुग्ण रक्तवाहिन्यांमध्ये किंवा मूत्रपिंडात नळी सरकवण्याच्या, जागेपणी केल्या जाणाऱ्या प्रक्रियांसाठी आले होते. एका गटाला नेहमीची शुश्रूषा मिळाली, दुसऱ्या गटाजवळ एक प्रशिक्षित व्यक्ती आस्थेने लक्ष देत बसली, आणि तिसऱ्या गटातील रुग्णांना त्याच टेबलावर नजर वर न्यायला, डोळे मिटायला, खोल श्वास घ्यायला आणि आपण तरंगत आहोत असे अनुभवायला सांगितले गेले. वेदनाशामक व गुंगीचे औषध तिन्ही गटांना मागेल तेव्हा उपलब्ध होते. दर १५ मिनिटांनी वेदनेला शून्य ते दहा यांपैकी अंक देण्यास सांगितल्यावर असे दिसले की पहिल्या दोन गटांत प्रक्रिया लांबत गेली तशी वेदना वाढत गेली, तर संमोहनाच्या गटात ती वाढली नाही. प्रक्रियेला नेहमीच्या शुश्रूषेत सरासरी ७८ मिनिटे लागली, संमोहनासह ६१. आणि रक्तदाब किंवा नाडी अस्थिर होण्याचे प्रसंग पहिल्या दोन गटांत अनुक्रमे १२ व १० असताना संमोहनाच्या गटात एकच होता. या चाचणीचे खरे मोल तिच्या मधल्या गटात आहे. माणुसकीने जवळ बसल्यानेही औषधाची गरज जवळजवळ तितकीच घटली होती. म्हणजे संमोहनाचे श्रेय कोठे संपते आणि सोबतीचे कोठे सुरू होते, हे संशोधकांनी स्वतःच प्रामाणिकपणे दाखवून दिले.

बेल्जियममधील लिएज येथे मारी-एलिझाबेथ फायमॉनव्हिल या भूलतज्ज्ञांनी १९९२ पासून थायरॉईडसारख्या शस्त्रक्रियांसाठी स्थानिक भूल, अत्यल्प गुंगी आणि संमोहन यांची सांगड घातली आणि या दशकात ती रुग्णालयाच्या नित्यक्रमात रुजली. मँचेस्टरच्या चमूने २००३ साली आयबीएसच्या २०४ रुग्णांचा दीर्घकालीन पाठपुरावा जाहीर केला. त्यांपैकी ७१ टक्के रुग्णांना सुरुवातीला गुण आला होता आणि त्यांतील ८१ टक्क्यांचा तो पुढेही टिकला. न्यूयॉर्कमध्ये गाय माँटगोमेरी यांनी २००७ साली स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी केवळ १५ मिनिटांचे संमोहन दिलेल्या स्त्रियांना वेदना, मळमळ आणि थकवा कमी जाणवतो, आणि रुग्णालयाचा दर रुग्णामागचा खर्च सुमारे ७७२ डॉलरनी घटतो, असे २०० स्त्रियांच्या चाचणीतून दाखवले. त्याच वर्षी नेदरलँड्समधून दीर्घकाळ पोटदुखीने त्रासलेल्या मुलांविषयीचा निष्कर्ष आला: वर्षभरानंतर संमोहनोपचार घेतलेल्यांपैकी ८५ टक्के मुले त्रासमुक्त होती, नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी २५ टक्के. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २००८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत १२ महिने औषधे घेऊनही गुण न आलेल्या आयबीएसच्या रुग्णांसाठी संमोहनोपचाराचा विचार करावा असे सांगितले, ते या साऱ्याचे फलित होते.

या दशकाचा आणखी एक मोठेपणा असा की त्याने स्वतःच्या आवडत्या आशेचा बळी दिला. मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी १९८९ मध्ये असे मांडले होते की पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या ज्या स्त्रियांना गटचर्चा आणि वेदनेसाठी स्वसंमोहन मिळाले त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या, तर इतर १८.९ महिने. ही वार्ता जगभर पसरली. कॅनडातील मोठ्या चाचणीत २००१ साली आयुष्य वाढल्याचे आढळले नाही, मात्र मनोदशा सुधारल्याचे व वेदना घटल्याचे आढळले; आणि २००७ मध्ये स्वतः स्पीगल यांनी केलेल्या पुनर्चाचणीतही एकूण गटाचे आयुष्य वाढले नाही, हे त्यांनीच प्रसिद्ध केले. मन कर्करोग बरा करते असे सांगणाऱ्यांनी १९८९ चा निबंध पाठ केला आहे, २००७ चा वाचलेला नाही, आणि या निवडक वाचनाची किंमत उपचार लांबवणारे रुग्ण मोजतात.

त्यानंतरचे संशोधन बरेचसे त्याच वाटेने गेले. रजोनिवृत्त स्त्रियांना अंगातून गरम वाफा येण्याचा जो त्रास होतो तो पाच साप्ताहिक सत्रांनंतर, बाराव्या आठवड्यापर्यंत, ७४ टक्क्यांनी घटल्याचे आणि तुलनेच्या गटात केवळ १७ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ मध्ये टेक्सासमधील १८७ स्त्रियांच्या चाचणीत दिसले. प्रयोगशाळेतील वेदनेच्या ८५ चाचण्यांच्या २०१९ मधील एकत्रित विश्लेषणात अधिक संमोहनक्षम व्यक्तींची वेदना ४२ टक्क्यांनी आणि मध्यम क्षमतेच्या व्यक्तींची २९ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. अल्प क्षमतेच्या व्यक्तींना फारसा लाभ झाला नाही. डच रुग्णालयांतील ३५४ आयबीएस रुग्णांच्या चाचणीत पुरेसा आराम वाटणाऱ्यांचे प्रमाण तीन महिन्यांनी व्यक्तिगत संमोहनात सुमारे ४१ टक्के, सामूहिक संमोहनात ३३ आणि माहितीपर मार्गदर्शनात १७ टक्के होते, जे व्हॉरवेल यांच्या पहिल्या निष्कर्षापेक्षा बरेच माफक, परंतु अधिक विश्वासार्ह आहे. धूम्रपान सोडण्यासाठी संमोहन इतर उपायांपेक्षा सरस असल्याचा पुरेसा पुरावा मात्र उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन पुनरावलोकनांना मिळालेला नाही, आणि प्रसूतिकळांबाबत डेन्मार्क व इंग्लंडमधील मोठ्या चाचण्यांनी एपिड्यूरल भुलेची मागणी घटत नसल्याचे दाखवले. शिवाय आपल्याला संमोहन दिले जात आहे हे रुग्णाला कळतेच, त्यामुळे गोळीप्रमाणे ही चाचणी पूर्णपणे आंधळी करता येत नाही, ही मर्यादा कोणत्याही निष्कर्षाला चिकटूनच राहते.

जसजसा दावा आक्रसत गेला तसतसा पुरावा भक्कम होत गेला, आणि नेमकी हीच गोष्ट बाजाराला मानवणारी नाही. आतड्याच्या एका विकारासाठी आठ-दहा सत्रे देणाऱ्या उपचाराची जाहिरात कोणी करत नाही, त्यामागे पेटंट असलेले औषध विकणारी कंपनी नाही, आणि गर्दीने तुंबलेल्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाला पाऊण तास देणे डॉक्टरांना परवडत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २००३ मध्येच संमोहनोपचार ही स्वतंत्र वैद्यकपद्धती नसून नोंदणीकृत वैद्यकांनी किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनी वापरण्याची उपचाररीत आहे असे स्पष्ट केले होते; पण योग्य प्रशिक्षण कशाला म्हणायचे हा प्रश्न मोकळाच राहिला, आणि ती मोकळी जागा दोन दिवसांच्या प्रमाणपत्रांनी भरली. दुसऱ्या बाजूला, अंधश्रद्धेला विरोध करण्याच्या योग्य भूमिकेतून लिहिणाऱ्या अनेकांनी पूर्वजन्माच्या कार्यशाळा आणि लँग यांची चाचणी एकाच टोपलीत टाकून दिली, हेही तितकेच अन्यायाचे आहे. वैद्यकीय महाविद्यालयांच्या पोटविकार, भूलशास्त्र आणि मानसोपचार विभागांनी हे कौशल्य शिकवण्यास सुरुवात केल्याखेरीज ही स्थिती बदलणार नाही.

तोपर्यंत वाचकांनी निदान इतके करावे. संमोहनोपचार सुचवणाऱ्याला त्याची मूळ वैद्यकीय किंवा मानसशास्त्रीय पदवी विचारावी, कोणत्या आजारासाठी आणि किती सत्रे लागतील हे आधी लिहून घ्यावे, आणि चालू औषधे बंद करायला सांगणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये. शौचातून रक्त जाणे, कारणाशिवाय वजन घटणे किंवा रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी यांपैकी काहीही असेल तर आधी पोटविकारतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. ती झाल्यावर आणि आयबीएसचे निदान पक्के झाल्यावरच पोटावर हात ठेवून शिकायच्या या उपचाराची पाळी येते.