नियमांवर बोट ठेवणारा खेळाडू: गैरसमज आणि वस्तुस्थिती

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा गावातून प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम, होऊन गोष्ट मांडतो. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत उतरतात आणि काय होईल याची खात्री नसते तिथे फासे टाकले जातात. आता पुण्या-मुंबईतही शनिवार-रविवारी असे गट जमतात. आणि गट जमला की आज ना उद्या त्यात 'रूल्स लॉयर' निघतोच. ऐन लढाईत हात वर करून 'पण पुस्तकात तर...' अशी सुरुवात करणारा, शब्दाशब्दाचा कीस काढणारा. त्याच्याबद्दल डीएम मंडळी जे बोलतात त्यातलं बरंचसं चुकीचं आहे, आणि त्या चुकीच्या समजांपायी चांगले गट मोडतात.

गैरसमज: नियम काढणारा खेळ बिघडवायलाच बसलेला असतो

एक नेहमीची लढाई घ्या. समोर ओगर आहे. चोराचं पात्र त्याच्या तावडीतून पळायला जातं आणि ओगर जाता जाता त्याला सोटा हाणतो. या फटक्यात ओगरची 'रिअ‍ॅक्शन' खर्ची पडते, म्हणजे दुसऱ्याच्या पाळीतही करता येणारी त्याची एकुलती कृती संपते, आणि ती त्याला पुन्हा त्याची पाळी आल्यावरच मिळते. थोड्या वेळाने पुजाऱ्याचं पात्र मागे सरकतं. डीएम पुन्हा फासा उचलतो. तेवढ्यात कोपऱ्यातला एक जण म्हणतो, "ओगरची रिअ‍ॅक्शन झालीय." दोन सेकंदांचं वाक्य. पुजारी वाचतो, डीएमची चूक टळते, लढाई पुढे सरकते. पाच शत्रू, त्यांचे प्राणांक, त्यांचे मंत्र हे सगळं एकट्याने सांभाळणाऱ्या डीएमला असा माणूस हवाच असतो.

आता तोच माणूस जादूगार खेळतोय असं धरा. बाण चुकवायला त्याने 'शील्ड' हा मंत्र वापरला. तोही रिअ‍ॅक्शननेच टाकायचा असतो. त्याच फेरीत शत्रूचा मांत्रिक मंत्र म्हणायला लागतो आणि आपला जादूगार उत्साहाने ओरडतो, "काउंटरस्पेल!" समोरच्याचा मंत्र मोडणारी तीही रिअ‍ॅक्शनच. ओगरच्या वेळी लख्ख आठवलेला नियम आता त्याला आठवतो का? माझ्या मते परीक्षा एवढीच आहे. आठवत असेल आणि तो स्वतःच "नाही नाही, माझी गेलीय" म्हणत असेल, तर असा खेळाडू गटाचं भाग्य आहे. नसेल आठवत, तर प्रश्न नियमांचा नाहीच. प्रश्न पक्षपाताचा आहे, आणि त्याचा उपाय पुस्तकात सापडणार नाही. दोघांना एकाच नावाने हिणवणं हा त्यातल्या पहिल्यावर अन्याय आहे.

गैरसमज: पूर्वी लोक मोकळेपणाने खेळायचे, ही कटकट हल्लीची

ही कटकट या खेळापेक्षा दीडशे वर्षांनी जुनी आहे. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने 'क्रीग्सश्पील' या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. वडिलांनी सुरू केलेलं काम त्याने पुरं केलं होतं. नकाशा, फासे, नुकसानीची कोष्टकं आणि दोन्ही बाजूंचे हुकूम ऐकून निकाल देणारा पंच, असा सगळा थाट. अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी खेळ उत्तम होता, पण कोष्टकं बघण्यात वेळ फार जायचा. शेवटी १८७६ मध्ये फेर्दी द्यु व्हेर्नुआ या प्रशियन सेनाधिकाऱ्याने सुचवलं की कोष्टकं बाजूला ठेवा आणि निकाल अनुभवी पंचावर सोपवा. नियम मोठा की पंच मोठा, हा वाद तेव्हा शिस्तीसाठी जगभर नाव असलेल्या सैन्यातही सुटला नव्हता.

पुढे १९६९ मध्ये मिनेसोटात डेव्हिड वेसली याने 'ब्राउनश्टाइन' नावाचा खेळ मांडला. त्यात एकेका खेळाडूकडे सैन्याऐवजी एकेक व्यक्ती होती. त्याला आधार होता चार्ल्स टॉटन यांच्या १८८० च्या 'स्ट्रॅटेगोस' या युद्धखेळाच्या पुस्तकाचा: खेळाडूने काहीही करून बघावं, जमलं की नाही ते पंच ठरवेल. आर्नेसन याच मंडळींतला. म्हणजे डंजन मास्टरची खुर्ची युद्धखेळातल्या पंचाकडूनच आली. आणि त्या टेबलांवर नियमावरून हुज्जत घालणं हा खेळाचाच भाग होता.

१९७४ च्या पहिल्या पेटीत तीन छोट्या पुस्तिका होत्या आणि त्यांत मोकळ्या जागा भरपूर होत्या. त्या जागा प्रत्येक गावाने आपापल्या परीने भरल्या. मग स्पर्धा भरू लागल्या, आणि एका गावचा खेळाडू दुसऱ्या गावच्या टेबलावर बसला की भांडण ठरलेलं. पुढची जाडजूड पुस्तकं येण्यामागे सगळीकडे एकसारखा खेळ व्हावा ही गरज मोठी होती. पुस्तकं जाड झाली म्हणून वाद सुरू झाले, हे म्हणणं उलटं आहे.

गैरसमज: डीएमचा शब्द अंतिम, विषय संपला

शब्द अंतिम आहे, हे खरं. पण अंतिम म्हणजे लहरी नव्हे. पाचव्या लेव्हलच्या जादूगाराकडे 'फायरबॉल'सारखे तिसऱ्या पायरीचे मंत्र टाकायला दोनच जागा असतात. त्यातली एक खर्च करून तो आगीचा गोळा टाकतो, आणि तेव्हा डीएम म्हणतो, "गुहेत दमट हवा आहे, नुकसान निम्मं." खेळाडू चिडला तर तो रास्त चिडला. त्याने जो हिशेब करून निर्णय घेतला, तो हिशेबच मागाहून बदलला गेला. हेच डीएमने गुहेच्या तोंडाशी सांगितलं असतं, "भिंतींतून पाणी झिरपतंय, मशाली नीट पेटत नाहीयेत", तर तोच निकाल कुणालाही खुपला नसता. नियमावरून होणारे बरेच वाद असे वेळेचे असतात. निकाल खेळाडूने चाल करण्याआधी कळला की नंतर, यावर सगळं अवलंबून असतं.

आणि कधीकधी कीस काढणाराच बरोबर ठरतो. २०१४ च्या आवृत्तीत 'अदृश्य' असण्याचे दोन परिणाम वेगवेगळे लिहिले होते: एक, तुम्ही जादूशिवाय दिसत नाही, आणि दोन, तुमच्यावर हल्ला करणं अवघड जातं. आता समोरच्याने अदृश्य गोष्टी दिसण्याचा मंत्र टाकला, तर तुम्ही त्याला दिसता. पण लिहिल्याबरहुकूम दुसरा परिणाम मात्र कायमच राहतो! अदृश्य माणूस डोळ्यांना स्वच्छ दिसतोय, तरी त्याला मारणं तितकंच अवघड. बहुतेक टेबलांवर डीएमनी हे हसून बाजूला सारलं असेल. पण २०२४ च्या सुधारित नियमांत स्पष्ट लिहिलं गेलं की जो तुम्हाला पाहू शकतो त्याच्यासमोर हा फायदा मिळणार नाही. ज्यांनी या वाक्यावर बोट ठेवलं त्यांना पुस्तकातली खरी खोट सापडली होती.

गैरसमज: पुस्तकात मनाई नाही, म्हणजे परवानगी आहे

हा मात्र खेळाडूंच्या बाजूचा गैरसमज. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे 'पेझंट रेलगन', शेतकऱ्यांची तोफ. खेळातली एक फेरी सहा सेकंदांची. दोन हजार शेतकरी एका ओळीत उभे करायचे. प्रत्येकाने तयारीत राहायचं आणि हातात काठी आली की पुढच्याला द्यायची. नियमानुसार हे सगळं एकाच फेरीत होऊ शकतं. म्हणजे काठी सहा सेकंदांत जवळपास दोन मैल जाते. मग हुशार खेळाडू म्हणतो, एवढ्या वेगाची काठी लागल्यावर ड्रॅगनच्या चिंधड्या उडायला हव्यात!

यातली मेख नीट बघा. काठी इतक्या वेगाने सरकते ती खेळाच्या नियमाने. चिंधड्या उडतात त्या भौतिकशास्त्राच्या नियमाने. अर्धा रस्ता एका गाडीने आणि सोयीचं स्टेशन आलं की दुसऱ्या गाडीने. शेवटपर्यंत खेळाच्याच नियमाने चालायचं ठरवलं तर शेवटचा शेतकरी एक साधी काठी फेकतो आणि चार बाजूंच्या फाशावर पडेल तेवढंच नुकसान होतं. शेवटपर्यंत भौतिकशास्त्राने चालायचं तर मुळात काठी तेवढी धावणारच नाही. २०२४ च्या डंजन मास्टरच्या पुस्तकात हा प्रकार डीएमने चालू देऊ नये असं लिहिलंय आणि खेळाचे नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे, हेही सांगितलंय.

आपल्याला पाठ आहेत असं वाटणारे नियमही एकदा तपासावेत. वीस बाजूंच्या फाशावर २० पडले की काहीही साधतं, अशी सर्रास समजूत आहे. २०१४ आणि २०२४, दोन्ही आवृत्त्यांत तो हमखास यशाचा नियम हल्ल्यापुरताच आहे. राजाला "तुझं राज्य मला दे" म्हणून २० टाकले तरी राजा सिंहासन सोडत नाही.

गैरसमज: अद्दल घडवली की सुधारतो

वाद घालणाऱ्याच्या पात्रावर वीज पाडायची, त्यालाच सापळ्यात अडकवायचं, त्याची जादूची तलवार चोरीला लावायची. असले सल्ले पुष्कळ फिरतात आणि ते सगळे वाईट आहेत. डीएम निष्पक्ष नाही असा संशय ज्याला आधीच आहे, त्याला आपण पुरावाच हातात देतो. पुढच्या वेळी तो दुप्पट तयारीने पुस्तक घेऊन येतो.

उपयोग होतो तो साध्या गोष्टींचा. पहिल्या डावाआधी सगळ्यांनी एकदा बसून ठरवायचं. याला 'सेशन झिरो' म्हणतात. कोणती आवृत्ती, घरचे नियम कोणते, वाद झाला तर किती वेळ द्यायचा. माझ्या मते दोन मिनिटं पुरतात. तेवढ्यात पान सापडलं तर ठीक, नाहीतर डीएम निकाल देतो, तो वहीत लिहिला जातो आणि खरा नियम डाव संपल्यावर बघायचा. कुणाचं पात्र मरणार असेल तर मात्र थांबून पुस्तक उघडावं. तिथे घाई करू नये. डीएम चुकला असेल तर पुढच्या डावाच्या सुरुवातीला त्याने ते मोकळेपणाने सांगावं. वहीत एकदा लिहिलेला निकाल शत्रूंनाही लागू राहतो, हे खेळाडूंना दिसलं की अर्धी हुज्जत आपोआप थांबते.

नियम पाठ असलेल्याला नियम बघायचं काम सोपवा, असाही सल्ला देतात. वरच्या परीक्षेत जो उतरतो त्याच्या बाबतीत हे छान जमतं. "अरे, अंधारात पकडीचा नियम काय आहे?" असं डीएमनेच विचारलं की त्याला मध्येच बोलायची गरज उरत नाही. जो स्वतःपुरते नियम वाकवतो, त्याला मात्र हे काम देऊ नये. त्याच्याशी एकट्याने बोलावं, टेबलावर चारचौघांत नव्हे, आणि घटना धरून बोलावं: "त्या दिवशी ओगरची रिअ‍ॅक्शन तुला आठवली, तुझी नाही आठवली. असं का झालं?"

बोलल्यावरही फरक पडला नाही आणि बाकीचे कंटाळून यायचे बंद होऊ लागले, तर त्याला थांबवणं हे डीएमचं काम आहे. पण काही जणांना खरोखरच काटेकोर खेळ आवडतो आणि आपला गट सैल असतो, एवढंच भांडण असतं. अशांसाठी 'पाथफाइंडर' हा याच धर्तीचा दुसरा खेळ आहे. पैझो कंपनीने २०१९ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती काढली. तिचे नियम बारकाईने लिहिलेले आहेत आणि इंटरनेटवर अधिकृतपणे फुकट वाचता येतात. 'पाथफाइंडर सोसायटी' या त्यांच्या संघटित खेळात तर घरचे नियम चालतच नाहीत.