बादलीत शेवाळ आलं कुठून?

तुझ्या बादलीत मातीचा कणही नाही. पाणी नळाचं, खत मोजून विरघळवलेलं, वर पालकाची रोपं. तरी पाणी हिरवं झालं, आतून बुळबुळीत थर धरला आणि तू विचारतेस, "आजोबा, हे शेवाळ आलं कुठून?" ऐक तर.

१८३२च्या जानेवारीत 'बीगल' नावाचं जहाज आफ्रिकेजवळच्या केप व्हर्द बेटांपाशी आलं होतं. जहाजावर होता बावीस वर्षांचा चार्ल्स डार्विन. हवा धुरकट होती. डोलकाठीच्या टोकाला वाऱ्याची दिशा दाखवणारं झिरझिरीत कापड होतं. त्यात अडकलेली तपकिरी धूळ त्यानं पाहिली आणि पुडीत बांधून ठेवली. पुढे अशा धुळीच्या पाच पुड्या त्यानं बर्लिनच्या एरेनबर्ग नावाच्या प्राध्यापकांकडे पाठवल्या. त्यांनी सूक्ष्मदर्शक लावला, तर त्या चिमूटभर धुळीत सजीवांचे ६७ निरनिराळे आकार! त्यांत काचेसारख्या कवचाचे डायटम होते, म्हणजे शेवाळाच्या गोतावळ्यातलेच. आणि नवल असं, की ते सूक्ष्मजीव दोन जाती सोडल्या तर सगळे गोड्या पाण्यातले. भर समुद्रात गोड्या पाण्याचे जीव! वाऱ्यानंच ते आणले होते.

आपल्या गच्चीवरूनही वारा जातोच. शेवाळाच्या कितीतरी जाती पाणी आटलं की जाड आवरण करून निपचित पडून राहतात. धुळीबरोबर उडतात, पाण्यातून येतात, रोपांच्या मुळांना चिकटून येतात. कोकणात आठ महिने उन्हात तापलेला गडगा पहिल्या पावसांत हिरवागार होतो, तो त्यामुळेच. त्यांना ओल, खत आणि उजेड एवढंच हवं असतं. तुझ्या पांढऱ्या, अर्धवट पारदर्शक बादलीत तिन्ही एकत्र मिळाली.

त्यांचा राग मात्र करू नकोस हं. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला, तो निळ्या-हिरव्या शेवाळाच्या पूर्वजांमुळे. त्यांच्यावाचून तू नसतीस, पालकही नसता.

पण पालकाच्या बादलीत त्यांना थारा द्यायचा नाही. दिवसा शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढतं, म्हणून पाण्याचा सामू (पीएच) चढतो. रात्री श्वसनामुळे पुन्हा उतरतो. रात्री ते प्राणवायूही वापरतं, आणि मेलं की ते कुजवणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायू संपवतात. मुळं गुदमरतात. पंपाची जाळी तुंबते. ओल्या हिरव्या थरावर बारीक माश्या अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या कोवळी मुळं कुरतडतात.

मग उपाय? कुणी सांगेल मोरचूद टाक. मुळीच टाकू नकोस. मोरचुदात तांबं असतं, आणि शेवाळाला मारण्याइतकं तांबं मुळांनाही बाधतं. आपल्याला वाट दाखवतो तो उजेडच. पालकाला उजेड पानांवर हवा, मुळांना तो लागत नाही. शेवाळाला मात्र त्या पाण्यातच उजेड लागतो. तेवढा तोडला की पुरे. बादलीला बाहेरून आधी काळा रंग दे, म्हणजे उजेड आत जाणार नाही. त्यावर पांढरा, म्हणजे ऊन परतून जाईल आणि पाणी तापणार नाही. पाणी २० अंशांच्या आसपास राहिलं तर मुळांना मानवतं. आपल्या उन्हाळ्यात ते अवघड, म्हणून बादली सावलीत हलव. झाकणाची रिकामी भोकं बुजव, पारदर्शक नळ्या बदलून काळ्या घाल, कोकोपीटचा उघडा भाग झाक.

रंग वाळला की रात्री रिकाम्या बादलीत बॅटरी लावून ठेव, झाकण घाल आणि बाहेरून बघ. कुठून उजेड झिरपताना दिसला, तर तिथे रंगाचा आणखी एक हात दे. मग बादली घासून स्वच्छ धू, ताजं पाणी भर आणि रोपं परत लाव. वाऱ्यानं येणारे ते जीव येतच राहतील, पण अंधारात त्यांना वाढता येणार नाही.