परसांतील आंबा आणि वर्षाचे ऋतु

घराच्या वांटण्या होतात तेव्हां भांड्याकुंड्यांची, दागिन्यांची, खोल्यांची मोजदाद होते. परसांतला आंबा मात्र कोणाच्याच यादींत नसतो. तो सर्वांचा असतो, म्हणजे त्याच्याकडे पाहण्याचें काम कोणाचेंच नसतें. कैऱ्या उतरावयाच्या वेळीं हक्क सांगणारे पुष्कळ. पण बुंध्याशीं भुसा पडलेला दिसला तर तो झाडून टाकण्यापलीकडे कोणी जात नाहीं. आणि साठ-सत्तर वर्षांचें झाड एकाएकीं वाळूं लागलें म्हणजे दृष्ट लागली असें म्हणून सारे मोकळे होतात. आमच्या पाहण्यांत आलेल्या अशा पुष्कळ झाडांचा घात दृष्टीनें नव्हे, फरशीनें झालेला आहे.

अंगणांत चिखल नको म्हणून भर घालावी, वर सिमेंट ओतावें आणि बुंध्याभोंवतीं सुबक पार बांधावा, ही हल्लीं टापटिपीची खूण समजली जाते. परंतु झाडाचीं अन्न शोषणारीं बारीक मुळें बहुतांशीं जमिनीच्या वरच्या हात-दीड हात थरांतच असतात, तीं घेराच्याही बाहेर पसरलेलीं असतात, आणि त्यांस पाण्याइतकीच हवा लागते. वर भर पडली कीं तीं गुदमरतात. झाड मात्र दोन-चार वर्षें तग धरून मग वाळतें, त्यामुळें कारण कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. दिल्लींतील झाडांच्या बुंध्याभोंवतींचें एक मीटर अंतरापर्यंतचें काँक्रीट काढावें, असा हुकूम राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें 2013 सालीं दिला. घरच्या अंगणांत तेवढी जागा तरी मोकळी ठेवावी. मोठ्या आंब्यास ती अपुरीच आहे.

झाडाच्या निगेचें वर्ष आम्ही वैशाखापासून धरतों. मृग लागण्यापूर्वीं वाळक्या व घरावर कललेल्या फांद्या उतरवून घ्याव्या. जाड फांदी एकाच घावानें वरून कापूं नये. ती मोडतांना खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते. प्रथम खोडापासून हातभर अंतरावर खालून थोडा काप द्यावा, मग त्याच्या किंचित् पुढें वरून कापून भार उतरवावा, आणि उरलेला खुंट शेवटीं फांदीच्या मुळाशीं जो फुगीर कंगोरा असतो त्याच्या लगत, पण त्यास धक्का न लावतां, कापावा. अमेरिकेंतील वनखात्याचे शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनीं हजारों खोडें उभीं चिरून असें दाखविलें कीं, झाडाची जखम आपल्या कातडीप्रमाणें भरून येत नाहीं. झाड कुजका भाग आंतून भिंती घालून कोंडतें आणि वरून नवें लांकूड चढवितें. कंगोरा शाबूत असेल तरच हें नीट साधतें. म्हणून जखमेवर डांबर फांसण्याची जुनी चाल सोडून द्यावी. आपल्याकडील दमट पावसांत बुरशीचें भय असल्यानें आंब्याच्या मोठ्या कापावर बोर्डोमलम लावितात : 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना व 10 लिटर पाणी. तो लोखंडी भांड्यांत कालवूं नये. शहरांत जिवंत झाड तोडण्यास 1975 च्या कायद्यान्वयें परवानगी लागते. मोठ्या छाटणीपूर्वींही चौकशी केलेली बरी.

ज्येष्ठांत वटपौर्णिमा येते. बाजारांतून वडाची तोडलेली फांदी आणून तिच्यापाशीं दीर्घायुष्य मागावें, हें आम्हांस नेहमींच चमत्कारिक वाटतें. असो.

पावसाच्या आरंभीं शेणखत घालावयाचें तें बुंध्याशीं नव्हे, फांद्यांच्या घेराखालीं उथळ चर खणून त्यांत. मोठ्या आंब्यास सुमारें 50 किलो घालितात. परसांत नारळ असेल तर खताचा ढीग वरचेवर उलथावा, कारण नारळाचा शेंडा पोखरणारा गेंडा भुंगा शेणांतच वाढतो. आंब्यावर हिरव्या पानांचा परका झुपका दिसल्यास तें बांडगूळ. त्याचें चिकट बीं पक्षी फांदीवर पुसून जातात; नुसतीं पानें ओरबाडून उपयोग नाहीं, जेथें तें रुतलें असेल त्याच्या खालून फांदीच कापावी.

पाऊस सरल्यावर फळत्या आंब्याचें पाणी तोडावें. ताण बसल्याखेरीज तो मनापासून मोहरत नाहीं. पाणी पुन्हा द्यावयाचें तें फळ धरल्यावर. मोहर फुलला असतां विषारी औषधें फवारूं नयेत, कारण परागीभवन करणाऱ्या माश्याही त्यांनीं मरतात. हापुसानें एखादें वर्ष हात आंखडता घेतला तर तो त्याचा स्वभाव आहे. त्यासाठीं खोडांत खिळे ठोकण्याचा उपाय आजही सुशिक्षित घरांतून होतो, याचें नवल वाटतें. शिशिरांतला पाचोळा जाळूं नये. तोच घेराखालीं पसरावा, बुंध्यापासून मात्र वीतभर दूर.

राहिली भुशाची गोष्ट. तो खोडकिड्याचा. अळी आंतून लांकूड पोखरते व भुसा छिद्रांतून बाहेर लोटते. घरांतील एका मुलाकडे दर पौर्णिमेस बुंधा न्याहाळण्याचें काम सोंपवावें. मुलांची नजर तीक्ष्ण असते व त्यांस हें काम आवडतें. ताजा भुसा दिसला तर छिद्र साफ करून टोंक वळविलेली तार आंत घालावी, अळी ओढून काढावी आणि तोंड ओल्या मातीनें लिंपावें. आठवड्यानें पुन्हा पाहावें. भुसा पुन्हा दिसला, तर आंत दुसरी अळी आहे.