पिस्टनची ग्रेड आणि माणसांचे नमुने

माझ्या कपाटात पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा एक कागद आहे. त्यावर माझे नाव, टोकन नंबर आणि चार अक्षरे आहेत : आय-एस-टी-जे. खालच्या कोपऱ्यात मी स्वतः पेन्सिलने एक आकडा लिहून ठेवला आहे, ११–१०. हा लेख त्या आकड्यापासून सुरू झाला.

तेव्हा मी चाकण पट्ट्यातल्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. आयटीआय, मग अप्रेंटिसशिप, मग सोळा वर्षे हातात मायक्रोमीटर. सुपरवायझरच्या दोन जागा निघाल्या आणि उमेदवारांसाठी एका हॉटेलात दिवसभराचे प्रशिक्षण ठेवले गेले. प्रशिक्षकांनी ९३ प्रश्नांची मराठी प्रत वाटली, उत्तरे मोजून प्रत्येकाचा ‘टाइप’ काढला. पंधरा दिवसांनी कळले की सुपरवायझर बहिर्मुख हवा आणि मी अंतर्मुख निघालो आहे. हे ठरवणारे प्रश्न २१ होते. ११ उत्तरे एका बाजूला गेली, १० दुसऱ्या. त्यातला एक प्रश्न अजून आठवतो : समारंभात तुम्ही पुष्कळांशी बोलता की मोजक्या ओळखीच्यांशी? गावाकडच्या लग्नात मी पंगतीत वाढायला पुढे असतो, नको नको म्हणणाऱ्याच्याही पानात जिलबी टाकतो. कंपनीच्या पार्टीत मात्र प्लेट घेऊन कोपऱ्यात उभा राहतो. त्या दिवशी हॉटेलात बसलो होतो म्हणून असेल, मला पार्टी आठवली, लग्न आठवले नाही.

ज्यांना जागा मिळाली ते दोघेही चांगले कामगार होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण प्रशिक्षकांनी पडद्यावर एक तक्ता दाखवला होता. सोळा प्रकार आणि प्रत्येकापुढे लोकसंख्येतले प्रमाण. माझ्या प्रकारापुढे ११.६ टक्के होते. ‘हे कुठल्या लोकांचे?’ असे मी विचारले. ‘सगळ्याच,’ असे उत्तर आले. तपासणी खात्यातल्या माणसाला असले उत्तर पचत नाही. कुठल्या गेजने मोजले, किती नग मोजले, रेषा कुणी आखली, हे विचारल्याशिवाय आम्ही चहाही पीत नाही.

आधी त्या चाचणीची कूळकथा. कार्ल युंग यांचा व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवरचा ग्रंथ १९२१ साली जर्मनमध्ये आला, दोन वर्षांनी इंग्रजीत. अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज या गृहिणीने तो झपाटून वाचला. त्यांची मुलगी इझाबेल मायर्स हिने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यावरून प्रश्नावली रचायला घेतली. पुरुष आघाडीवर गेलेले, बायका प्रथमच कारखान्यांत येत होत्या. कुणाला कुठले काम मानवेल हे त्यांना कळावे, असा तिचा हेतू. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. इझाबेल राज्यशास्त्राची पदवीधर, आणि त्याआधी रहस्यकादंबरी लिहून बक्षीस मिळवलेली. स्वतःच्या जोरावर शिकलेल्या या बाईबद्दल मला, उघड कारणाने, आपुलकी वाटते. माझे भांडण तिच्याशी नाही. या चाचणीचा पुरस्कार करणारी संस्थासुद्धा सांगते की नोकरीसाठी माणूस निवडायला ती वापरू नका.

पडद्यावरचे टक्के १९९८ च्या चाचणी-पुस्तिकेतले होते, हे मला पुढे सापडले. अमेरिकेतल्या सुमारे तीन हजार प्रौढांच्या नमुन्यावरचे. लातूर, जळगाव, बिहार, ओडिशातून आलेल्या माणसांनी भरलेल्या शॉपफ्लोअरवर ते ‘सगळ्यांचे’ म्हणून दाखवणे म्हणजे दुसऱ्याच लाइनचा तपासणी अहवाल आपल्या मालाला जोडणे. तरी तो तक्ता नीट पाहण्यासारखा आहे. त्यात सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आय-एस-एफ-जे, १३.८ टक्के, म्हणजे साधारण सातात एक. सर्वांत दुर्मीळ आय-एन-एफ-जे, १.५ टक्के, म्हणजे सदुसष्टात एक. दोन्ही नावे पुन्हा वाचा. फरक एका अक्षराचा आहे. प्रत्यक्ष दिसते-हाताळता येते त्यावर भिस्त ठेवणारा ‘एस’, त्यामागचा अर्थ शोधणारा ‘एन’. रेषेच्या अगदी काठावर बसलेल्या माणसाने एका प्रश्नाला वेगळे उत्तर दिले की तो सर्वांत सामान्य गटातून उठून सर्वांत दुर्मीळ गटात जाऊन बसतो. आपण दुर्मीळ आहोत म्हणून खूश होणारी पुष्कळ माणसे मला भेटली आहेत. त्यांना हे सांगितले की त्यांचा चेहरा पडतो.

हे असे का होते ते मला पुस्तकांआधी पिस्टनने शिकवले होते. पिस्टन आणि सिलिंडरचा बोअर यांच्यातली फट ठरावीक लागते. जास्त झाली तर इंजिन वाजते, कमी झाली तर पिस्टन जाम होतो. प्रत्येक पिस्टन हुबेहूब एका मापाचा करणे फार महाग पडते. म्हणून थोडी सूट देऊन बनवायचे, मोजायचे आणि ए, बी, सी अशा ग्रेड पाडायच्या. बोअरच्याही तशाच, आणि ए ला ए, बी ला बी जुळवायचे. आमच्याकडे एकेक ग्रेड दहा मायक्रॉनची होती. शिक्का मारला की वाटते, या तीन जातीच आहेत. मापे कागदावर मांडली की मात्र तीन ढीग दिसत नाहीत, मधे फुगलेला एकच ढीग दिसतो. बी ग्रेडचे पिस्टन जास्त, कारण रेषा त्या फुगवट्याच्या दोन्ही बाजूंना आखलेल्या. ड्रॉइंग बदलून रेषा चार मायक्रॉन सरकवा, एकही पिस्टन न बदलता सी ‘दुर्मीळ’ होईल. आणि बी च्या वरच्या काठावरचा पिस्टन बी च्या खालच्या काठावरच्या भावापेक्षा शेजारच्या सी लाच अधिक जवळचा असतो.

माणसांच्या गुणांची मापेही अशीच येतात. अंतर्मुखता-बहिर्मुखतेचे गुण मांडले तर दोन टेकड्या आणि मधे दरी दिसायला हवी होती. दिसते ती एकच टेकडी, आणि चाचणीची रेषा नेमकी तिच्या माथ्यावरून जाते, जिथे सर्वांत जास्त गर्दी असते. म्हणून काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा दिली की पुष्कळांचे एखादे तरी अक्षर बदलते. या कारणानेच आज बहुतेक मानसशास्त्रज्ञ प्रकार पाडत नाहीत. पाच गुण घेतात आणि प्रत्येक किती कमी-जास्त एवढेच सांगतात. २०१८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी १५ लाखांहून अधिक लोकांच्या उत्तरांतून नैसर्गिक गट पडतात का ते शोधले. चार दाट जागा सापडल्या. त्यांतल्या एकीला त्यांनी नाव दिले ‘सरासरी’.

आपल्याकडचे जुने लोक या बाबतीत सावध होते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, चौथ्या अध्यायात, मनाच्या स्वभावाचे प्रकार आले आहेत : सात सात्त्विक, सहा राजस, तीन तामस. बेरीज सोळाच होते. (यावरून ‘सगळे आमच्याकडे आधीच होते’ असे कुणी म्हणू नये, हा निव्वळ योगायोग आहे.) महत्त्वाचे आहे ते गणतीच्या आधीचे विधान. तिथे म्हटले आहे की हे भेद खरे तर अगणित आहेत, कारण तर-तम. मराठीत आपण ‘तरतमभाव’ म्हणतो तोच हा शब्द. अमुक अधिक, तमुक त्याहून अधिक, अशा पायऱ्या संपत नाहीत. सोळा ही समजावण्यापुरती सोय.

शरीरप्रकृतीबद्दल तर आकडाच हाताशी आहे. वात, पित्त, कफ या प्रकृतींचा जनुकांशी काही संबंध आहे का, यावर हैदराबादच्या सीसीएमबीच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. पुण्यातले संशोधकही त्यात होते आणि प्रकृती ठरवायला वैद्यांच्या जोडीला पुण्याच्या सी-डॅकचे ‘आयुसॉफ्ट’ वापरले होते. संशोधकांना नमुनेदार, स्पष्ट एका प्रकृतीची माणसे हवी होती. ३,४१६ जण तपासले, जनुकांच्या तपासणीसाठी निवडले २६२. शंभरात आठसुद्धा नाहीत. निकालाबद्दल चर्चा होत राहील, मला हा गाळच बोलका वाटतो. प्रकाराचे शुद्ध उदाहरण शोधायला निघालात की बहुतेक माणसे चाळणीखाली पडतात.

मग आपला प्रकार वाचल्यावर ‘अगदी मीच!’ असे का वाटते? बर्ट्रम फोरर या प्राध्यापकाचा प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे, १९४९ साली छापलेला. त्यांनी ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझे’ म्हणून वर्णन दिले. विद्यार्थ्यांनी अचूकतेला पाचापैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वर्णन सर्वांना एकच होते, बरेचसे स्टॉलवरच्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेले. दिवाळी अंक हातात आला की आधी राशिभविष्याचे पान उघडणाऱ्यांना, म्हणजे मलाही, यात हसण्यासारखे फारसे काही नाही.

ग्रेड पाडूच नयेत असे मी म्हणत नाही. पिस्टनच्या ग्रेडला आधार आहे : समोर बोअर मोजलेला असतो. ती चार अक्षरे मिळाली तेव्हा सुपरवायझरचे काम कुणी मोजले होते? तिसऱ्या पाळीत दोन मशिन बंद, एक माणूस कमी, डिस्पॅचचा फोन चालू, अशा वेळी पुष्कळांशी बोलणारा लागतो की मोजक्यांशी, हे ठरलेच नव्हते. नुसत्या पिस्टनवर शिक्का मारला होता. उलट त्या प्रशिक्षणाचा एक फायदा झाला तोही सांगतो. मीटिंगमध्ये गप्प बसणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्याला सगळे शिष्ट समजत. ‘अंतर्मुख’ हा शब्द कळल्यावर त्याला आधी विचार करायला वेळ देऊ लागले. बोलायला शब्द म्हणून हे प्रकार ठीक चालतात.

निगडीत माझ्या घरी आयटीआयची मुले ड्रॉइंग समजून घ्यायला येतात. गेल्या जूनमध्ये एक जण मोबाइलवर अशीच प्रश्नावली घेऊन आला. भरतीच्या वेळी अशी काहीतरी चाचणी होते असे त्याने ऐकले होते.

‘काका, पहिलं अक्षर ई यायला कशावर टिक करायची?’

मी कपाटातून कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याने पेन्सिलचा आकडा वाचला, मनातल्या मनात हिशेब केला.

‘म्हणजे एकच टिक?’

‘एकच.’

तो थोडा वेळ कागदाकडे बघत राहिला, मग मोबाइल खिशात टाकला आणि ड्रॉइंग उघडले.