इटली राहिली, नेवासे झाले

बडोद्यातील डॉक्टरांच्या घरी प्रवासाची योजना दोनदा होते. एकदा कागदावर लिहिताना आणि एकदा त्याच कागदावर काट मारताना. आमच्या लग्नाला तीस वर्षे पूर्ण होणार म्हणून सौ.ने आणि मी दक्षिण इटलीचा पंधरा दिवसांचा बेत आखला होता. नेपल्स, पॉम्पेई, दगडात कोरलेल्या वस्तीचे मातेरा, शंकूच्या आकाराच्या छपरांचे अल्बेरोबेल्लो, लेच्चेची नक्षीदार देवालये आणि शेवटी ब्रिंदिसी, जिथे रोमहून निघालेला प्राचीन अप्पियन मार्ग समुद्रापाशी थांबतो. सप्टेंबरअखेर द्राक्षांचा तोडा असतो, म्हणून त्याच सुमारास जायचे ठरले. आल्यानिको, प्रिमितीवो, नेग्रोआमारो ही द्राक्षांच्या जातींची नावे मी औषधांच्या नावांसारखी पाठ केली होती. लक्ष्मीविलास राजवाड्यातील फेलिची या इटालियन शिल्पकाराच्या मूर्ती पाहत वाढलेल्या बडोदेकराला इटलीची ओढ वाटावी, यात नवल नाही.

त्या कागदावर काट पडली ती आईमुळे. आई ब्याऐंशी वर्षांची. हृदयाची क्षमता मंदावलेली, आणि गेली दोन वर्षे स्मृतीही हळूहळू निसटत चाललेली. दिवसा ती बरी असते. सूर्य कलला की गोंधळते, ‘घरी चला’ म्हणू लागते. ते घर म्हणजे आमचे अलकापुरीतले नव्हे, तर नेवाशाचे, तिच्या माहेरचे. पंधरा दिवस तिला परक्या हाती सोपवून, रात्रीच्या विमानानेही वेळेत परतता येणार नाही इतक्या दूर जाणे मला जमेना. सौ. काही बोलली नाही. व्हिसाच्या अर्जांची फाईल तिने कपाटात ठेवली आणि एवढेच म्हणाली, “मग आईंना त्यांच्या घरी तरी नेऊन आणू या.”

तेव्हा उघडलेला नकाशा आणि इटलीचा कागद हे दोन्ही एकाच मार्गाचे तुकडे आहेत, हे मला नंतर उमगले.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही. ग्रंथ ‘पेरिप्लस’ म्हणून ओळखला जातो. त्यातील बरिगाझा म्हणजे आपल्यापासून दीड तासावरचे भरूच. तिथे काय खपते याची यादी देताना हा गृहस्थ आरंभीच मद्याचा उल्लेख करतो आणि त्यातही इटलीच्या मद्याला पहिली पसंती असल्याचे नोंदवतो. पुढे तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच आणि सोन्यारुप्याची नाणी येतात. राजासाठी खास उंची मद्य आणि गाणारी मुले. आज ज्या राज्यात बाटली बाळगणे गुन्हा आहे, त्याच राज्याच्या बंदरात दोन हजार वर्षांपूर्वी इटलीच्या दारूला सर्वाधिक मागणी होती! आमच्या मंडळातील काही सभासदांना हे वाचून इतिहासाविषयी अचानक आस्था वाटू लागेल, याची मला खात्री आहे.

पेरिप्लसचा लेखक पुढे सांगतो, की बरिगाझाहून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर. वाट बिकट, माल गाड्यांवरून येतो-जातो. पैठणचे अकीक आणि तगरचे कापड भरूचला यायचे, व परतीच्या गाड्यांत इतर मालाबरोबर मातीचे उंच, दोन कानांचे मद्यकुंभ असणार. या कुंभांना अँफोरा म्हणतात. त्यांचे तुकडे नेवाशाला सापडले. प्रवरेकाठच्या लाडमोड टेकडीवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली 1954 ते 1956 या काळात उत्खनन केले. पुढे सुनील गुप्ता, विल्यम्स आणि पीकॉक या अभ्यासकांनी त्या खापरांची माती तपासली, तेव्हा त्यांतील काहींचे नाते इटलीच्या कांपानिया प्रांताशी जुळले. कांपानिया म्हणजे नेपल्सचा परिसर, व्हेसुव्हियसच्या उतारावरचे मळे. त्या मातीत ज्वालामुखीची काळी वाळू मिसळलेली असते. सूक्ष्मदर्शकाखाली ती लपत नाही. पॅथॉलॉजीच्या मित्रांना वेगळे सांगायला नको.

येथे एक सावधगिरीही नोंदवतो. पश्चिम भारतातील ज्या अनेक खापरांना एके काळी रोमन अँफोरा म्हटले गेले, ती पुढे इराकच्या व इराणी आखाताच्या बाजूची, आतून डांबराचा लेप दिलेली रांजणे निघाली. रॉबर्टा टोम्बर या विदुषींनी हे दाखवून दिले. निदान बदलले म्हणून रोगी खोटा ठरत नाही. व्यापार होता, फक्त तो आपण समजत होतो त्याहून गुंतागुंतीचा आणि दीर्घकाळ चाललेला होता. आपल्या अकोट्यालाही इरॉसची आकृती असलेली कांस्यपात्राची मूठ मिळाली आहे. तेव्हा बडोदेही या वाटेपासून फार दूर नव्हते.

आणि उलट दिशेचा पुरावा? 1938 मध्ये पॉम्पेईत एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ती आता नेपल्सच्या पुराणवस्तुसंग्रहालयात आहे. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडली गेलेली ही मूर्ती निःसंशय भारतीय आहे, आणि तिच्याशी नाते सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती तेरला आणि जालना जिल्ह्यातील भोकरदनला मिळाल्या आहेत. अर्थात ज्या मूर्तीसाठी आम्ही नेपल्सला जाणार होतो, तिची बहीण मराठवाड्यातच होती.

आता योजनेकडे वळतो, कारण अनेकांनी तीच विचारली. पुण्याच्या ताईचा सक्त विरोध होता. “या वयात घाट? आणि रस्त्यात काही झाले तर?” बालरोगतज्ज्ञाला हा प्रश्न रोज आया विचारतात आणि तो रोज धीराने उत्तर देतो, स्वतःच्या आईबाबत मात्र माझा धीर सुटला होता. हृदयरोगतज्ज्ञ मित्राने तपासून सांगितले, “ने. पण रात्रीचा प्रवास नको, आणि दर दोन तासांनी चालव.” मग सगळा बेत दोन गोष्टींभोवती रचला. एक, मूत्रल गोळी प्रवासाच्या दिवशी पहाटे न देता मुक्कामाला पोहोचल्यावर द्यायची (हेही त्यालाच विचारून, माझ्या लेखाच्या भरवशावर कोणी करू नये). दुसरी, सूर्यास्तापूर्वी दोन तास आईने खोलीत, ओळखीच्या चादरीवर आणि स्वतःच्या उशीवर असायचे. घरची उशी आणि देवघरातील लहानशी समई या दोन वस्तू सामानात सर्वांत आधी गेल्या. या एका नियमामुळे तेर आणि भोकरदन दोन्ही कागदावरून उतरले. मला वाईट वाटले, पण नियम मोडला नाही.

जानेवारीत निघालो. पहिल्या दिवशी भरूच, चिखली, वघईमार्गे सापुतारा. दुसऱ्या दिवशी वणी-दिंडोरीवरून नाशिक. पेरिप्लसच्या गाड्या कोणत्या घाटाने चढत, हे मी ठामपणे सांगणार नाही; पण पांडवलेणीच्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात भरूकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे प्रवाशांसाठी बांधलेल्या धर्मशाळांची नोंद आहे, तशीच पार, दमण, तापी इत्यादी नद्यांवर विनामूल्य नावांची सोय केल्याचीही. गोवर्धन म्हणजे नाशिकचाच परिसर. दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी आमच्यासारख्यांच्या प्रवासाची योजना आखून ती दगडात कोरून ठेवली होती, फुकट नावांसकट. आई आणि सौ. पायथ्याशी गाडीत थांबल्या. मी एकटाच चढून गेलो. खाली आलो तेव्हा आई शेजारच्या पेरूवालीशी दरावरून वाद घालत होती. तो वाद तिने जिंकला.

नाशिकच्या द्राक्षांविषयी थोडे. खाण्याची द्राक्षे तिथे कितीतरी आधीपासून होती. मद्याची द्राक्षे ही तुलनेने अलीकडची गोष्ट. शामराव चौगुले यांनी ऐंशीच्या दशकात नारायणगावला फेसाळ मद्य काढले, 1999 मध्ये राजीव सामंतांचा ‘सुला’ उभा राहिला, आणि 2001 मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रियेचे धोरण जाहीर केल्यावर दिंडोरी-निफाडकडे मद्यनिर्मितीचे कारखाने वाढले. इटलीत वेलीला वर्षातून एकदा छाटतात. आपल्याकडे थंडी पुरेशी कडक नसल्याने वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, अशी दोनदा कात्री चालवावी लागते. त्यामुळे तिथला तोडा सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो आणि आपला जानेवारी ते मार्चमध्ये. गंगापूर धरणाच्या बाजूला एका मळ्यात आम्ही सकाळी तोडा पाहिला. उन्हे चढण्यापूर्वी घड कापतात, कारण तापलेला घड टोपलीतच आंबू लागतो. लाल मद्यासाठी रस सालीसकट आंबवतात, पांढऱ्यासाठी साले आधी वेगळी करतात. पोलादी टाक्यांच्या खोलीत शिरताच आईने पदर नाकाला लावला आणि म्हणाली, “उसाचा रस आंबलाय इथे.” मार्गदर्शक मुलगी हसली, वर्णन बिनचूक होते.

चव घेतली का, हा प्रश्न येणारच. घेतली, दोन घोट. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केले आहे, की मद्याचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही; ‘लाल मद्य हृदयाला चांगले’ हे वाक्य आपल्यापैकी कोणी अजून रुग्णांना सांगत असेल तर त्याने ते थांबवावे. गर्भवतीच्या बाबतीत तर माझ्याकडे थट्टेलाही जागा नाही. रोमन लोक द्राक्षरस शिशाच्या भांड्यात आटवून तो पाक मद्यात मिसळत. शिसे पोटात जाऊन काय होते ते आपण जाणतोच. इटलीच्या मद्याचा बरिगाझातील लौकिक वाचताना हेही ध्यानात ठेवावे. बाटली अर्थातच आणली नाही. सापुताऱ्याच्या नाक्यावर स्मरणिकेच्या लेखकाचे नाव नोंदले जाऊ नये, एवढी काळजी घेतली.

चौथ्या दिवशी नेवासे. माहेरचा वाडा आता नाही. त्या जागी मोबाईलचे दुकान आहे. आईला गल्ली ओळखता आली नाही आणि माझ्या पोटात गोळा आला. इतका खटाटोप करून तिला आपण एका अनोळखी गावात आणून उभे केले, असे वाटले. मोहिनीराजाच्या देवळात मात्र ती कोणालाही न विचारता डावीकडच्या पायरीवर जाऊन बसली. ज्ञानेश्वरांच्या पैस खांबापाशी तिने डोके टेकवले, आणि मग मुलांना सांगावे तसे मला सांगितले, “चल, टेकडीवर चल.”

लाडमोडच्या पायथ्याशी आम्ही तिला खुर्चीवर बसवले. ती बोलू लागली. पुण्याहून आलेले टोपीवाले साहेब, चौकोनी खड्डे, ब्रशने माती झाडणारी माणसे, खड्ड्याकाठी बसून पाहणाऱ्या शाळेतल्या मुली. तिच्या बोलण्यात एक शब्द अडखळला नाही. मी विचारले, “तुम्ही मुली काय करत होता तिथे?”

“ठिकऱ्या गोळा करायचो. खेळायला. पण मास्तर रागवायचे, ती सरकारची आहेत म्हणून.”

“जाड लालसर खापरे असायची का?”

“असायची की. ती कामाची नव्हती. जाड ठिकरी घरात नीट सरकत नाही, जागीच पडते.” मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “पातळ हवी.”

कांपानियातून समुद्र ओलांडून, भरूचच्या धक्क्यावर उतरून, वीस दिवसांच्या वाटेने आलेल्या कुंभाविषयीचा हा अभिप्राय मी त्याच संध्याकाळी वहीत लिहून ठेवला. टेकडीवरून आम्ही काहीही उचलले नाही. कोणीही उचलू नये.

दुसऱ्या दिवशी पैठण. नाथांचा वाडा, नाथसागराचे पाणी, सौ.ला एक पैठणी (इटलीच्या तिकिटापेक्षा स्वस्त, असे मी म्हणालो आणि ते बोलायला नको होते). परतीच्या वाटेवर सापुताऱ्याच्या खाली, उन्हे उतरताना आई मागच्या आसनावरून म्हणाली, “अरे, नेवाशाला कधी जायचे आपण?” सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी गाडी बाजूला घेतली, आईला पाणी दिले, दहा पावले चालवले. “द्राक्षे आली की जाऊ,” मी म्हटले. तिला ते पटले.

ताईने नंतर फोनवर विचारले, की तिला आठवत नसेल तर एवढे कशाला नेलेस. उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही, आजही देता येत नाही. तिच्या हृदयाचा आलेख गेल्या महिन्यात काढला, तो प्रवासापूर्वीसारखाच आहे. इटलीची फाईल कपाटात आहे. तेर आणि भोकरदनसाठी मंडळातील दोन जोडपी येत्या फेब्रुवारीत निघत आहेत. मुक्कामांची आणि औषधांच्या वेळांची यादी माझ्या दवाखान्यात आहे, ज्यांना हवी त्यांनी बाह्यरुग्णांची वेळ संपल्यावर यावे.