निष्ठा म्हणजे मुकाट मान्यता नव्हे: पंडिता रमाबाई

1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर रमाबाईंवर दोन्हीकडून दडपण आलं. चर्चच्या वडीलधाऱ्यांना निमूट आज्ञापालन हवं होतं. त्या मात्र त्रैक्याच्या सिद्धांतावरही प्रश्न विचारत राहिल्या. इकडे भारतात 1893 मध्ये त्यांच्या शारदा सदन या मुलींच्या शाळेवर धर्मांतराचा आरोप झाला, सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या.

कुणी म्हणेल, प्रश्न विचारणारी श्रद्धा कच्ची. मला उलट वाटतं. पारखून घेतलेली श्रद्धाच अशा वादळात टिकते. 1921 मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचं काम त्यांनी सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, ते भाषांतर पूर्ण करूनच.