बाळाचा चेहरा व मान : गर्भातील घडण आणि कुटुंबाने घ्यावयाची काळजी

बाळाचा चेहरा गर्भधारणेनंतरच्या चौथ्या ते बाराव्या आठवड्यात आकारास येतो. अनेक स्त्रियांना आपण गर्भवती असल्याची खात्री होण्यापूर्वीच ही घडण सुरू झालेली असते. म्हणून ही माहिती गर्भवती मातेइतकीच अपत्याचा विचार करणाऱ्या प्रत्येक कुटुंबासाठी महत्त्वाची आहे.

या पत्रकातील आठवडे गर्भधारणेपासून मोजले आहेत. दवाखान्यात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. तो आकडा सुमारे दोनने अधिक असतो.

घडण कशी होते?

चौथा आठवडा : मेंदू व मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात, ती सुमारे २८ व्या दिवसापर्यंत बंद होते. याच सुमारास गळ्याच्या दोन्ही बाजूंना कमानीसारखे उंचवटे दिसू लागतात. पहिल्या कमानीपासून जबडे व चावण्याचे स्नायू, दुसरीपासून चेहऱ्यावरील हावभावांचे स्नायू, तर खालच्या कमानींपासून स्वरयंत्राचे भाग तयार होतात. कानातील सूक्ष्म हाडेही पहिल्या दोन कमानींतूनच बनतात. म्हणून जबड्यात जन्मजात दोष असल्यास बाळाची श्रवणतपासणीही करावी लागते.

पाचवा ते सातवा आठवडा : भावी तोंडाभोवती पाच उंचवटे असतात : कपाळाकडील एक, वरच्या जबड्याचे दोन व खालच्या जबड्याचे दोन. ते वाढत एकमेकांना मिळतात आणि ओठ व नाक आकार घेतात. बाजूला असलेले डोळे हळूहळू समोर येतात व मानेलगतचे कान वर सरकतात. जिभेच्या मुळाशी उगम पावलेली थायरॉइड ग्रंथी मानेत उतरते.

आठवा ते बारावा आठवडा : तोंडातील टाळूचे दोन भाग दोन्ही बाजूंनी येऊन मध्यभागी जोडले जातात. त्यामुळे नाक व तोंड वेगळे होतात.

जोड अपुरा राहिल्यास

ओठांचा जोड अपुरा राहिल्यास ओठ, व टाळूचा राहिल्यास टाळू दुभंगलेली राहते. जगात साधारणतः ७०० जन्मांमागे एका बाळात हा दोष आढळतो. थायरॉइड उतरण्याची वाट न बुजल्यास पुढे मानेच्या मध्यभागी गाठ येऊ शकते. कमानींमधील खाच न बुजल्यास मानेच्या बाजूस गाठ किंवा पाझरणारे छिद्र दिसते. अशी गाठ दाबू वा फोडू नये, डॉक्टरांना दाखवावी.

ग्रहणात चाकू-सुरी हाती घेतल्याने ओठ फाटतो, हा समज चुकीचा आहे. गर्भवतीचे पोट दिसू लागण्यापूर्वीच बाळाचे ओठ जुळून झालेले असतात. या दोषामागे आनुवंशिकता व इतर अनेक कारणे एकत्र असतात. मातेला दोष देणे अन्यायाचे आहे.

आपण काय करावे?

• गर्भधारणेचा विचार करताच डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड सुरू करावे व पहिले तीन महिने घ्यावे. चौथ्या महिन्यापासून लोह व फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या घ्याव्यात.
• विडी-सिगारेट, तंबाखू, मिश्री, गुटखा व मद्य पूर्णपणे टाळावे. घरातील इतरांनीही गर्भवतीजवळ धूम्रपान करू नये.
• अपस्माराची (फिट्सची) काही औषधे व मुरुमांवरील काही गोळ्या गर्भास अपाय करू शकतात. गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांना विचारावे. अपस्माराचे औषध मात्र स्वतःहून बंद करू नये.
• मधुमेह असल्यास गर्भधारणेपूर्वीच साखर नियंत्रणात आणावी.
• पाळी चुकताच नोंदणी करावी. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत दर महिन्याच्या ९ तारखेस मोफत तपासणी होते.

बाळास दुभंगलेला ओठ किंवा टाळू असल्यास

• जन्मतःच बाळाच्या तोंडात प्रकाश टाकून टाळू तपासून घ्यावी. केवळ टाळूचा दोष बाहेरून दिसत नाही.
• टाळू दुभंगलेली असल्यास बाळाला दूध ओढता येत नाही. त्याला ताठ धरून, आईचे काढलेले दूध वाटी-चमच्याने सावकाश पाजावे व मधूनमधून ढेकर काढावी. वजन नियमित पाहावे.
• ओठांची शस्त्रक्रिया साधारणतः ३ ते ६ महिन्यांच्या वयात व टाळूची ९ ते १८ महिन्यांच्या वयात होते. त्यानंतर श्रवण, दात व वाचा यांची तपासणी सुरू ठेवावी.
• राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी केली जाते व दुभंगलेल्या ओठ-टाळूवर मोफत उपचार मिळतात.

वेळेवर उपचार मिळाल्यास हे मूल इतर मुलांप्रमाणेच खाऊ, बोलू व शिकू शकते. बाळाला घरात दडवून ठेवू नका. आपल्या गावातील आशा कार्यकर्तीशी किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी आजच संपर्क साधा.